बटेरांचा खाऊ : कोणता, किती, कधी?

गोदाकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री ९:१२

जपानी बटेर, १२ माद्या आणि ३ नर, वय १० आठवडे. मुख्य खाद्य ब्रॉयलर स्टार्टरचा चुरा, शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. त्याशिवाय खाऊ म्हणून रोज बाजरी, हुरडा, पालक, उरलेली भाकरी, जे हाताशी असेल ते. आता आठवड्यात दोन-तीन अंडी मऊ कवचाची येतायत, बोटानं दाबलं की दबतात. याचा खाऊशी संबंध आहे का? असेल तर बंद काय करायचं आणि चालू काय ठेवायचं?

---

दुधना_परभणी | ९ फेब्रुवारी, रात्री १०:३०

संबंध आहे. बाजरी किंवा पालक म्हणजे काही विष नाही, सगळा घोळ मापाचा आहे. हिशोब मांडतो.

मोठी बटेर दिवसाला २० ते २५ ग्रॅम खाते. २२ धरू. एका अंड्याचं वजन १० ते ११ ग्रॅम, त्यात कवच साधारण ०.८ ग्रॅम, आणि त्या कवचात कॅल्शियम ०.३ ग्रॅमच्या आसपास. पोटात गेलेल्या कॅल्शियमपैकी निम्मंच अंगी लागतं असं धरा, म्हणजे रोज ०.६ ग्रॅम पोटात जायला हवं.

ब्रॉयलर स्टार्टर वाढत्या कोंबड्यांसाठी असतं. प्रोटीन २२ टक्क्यांच्या पुढे, ते बटेरांना चांगलंच, पण कॅल्शियम फक्त १ टक्का. २२ ग्रॅम खाल्लं तर ०.२२ ग्रॅम मिळालं. उरलेलं ०.३८ शिंपल्यातून यायला हवं. शिंपल्यात कॅल्शियम ३८ टक्के, म्हणजे मादीमागे रोज १ ग्रॅम शिंपला. तुमच्या १२ माद्यांना १२ ग्रॅम. काट्यावर एकदा मोजून बघा, वाटी दिसायला भरलेली असते पण खरा खप ३-४ ग्रॅमवर आलेला असतो. पोट भाकरीनं भरलं की पाखरू त्या वाटीकडे फिरकत नाही.

प्रोटीनचंही तसंच. बाजरी ११ टक्के, ज्वारी १०. आहारातला ४० टक्के हिस्सा धान्याचा झाला की स्टार्टरचं २२ चं प्रोटीन १७-१८ वर येतं. अंड्यावरच्या बटेरीला २० च्या आसपास लागतं. तिथून अंडी बारीक होणं, मग एकमेकींची पिसं उपटणं सुरू.

म्हणून खाऊ आहाराच्या १० टक्क्यांच्या आत. १५ पाखरांचं खाद्य ३३० ग्रॅम, तर कोरडा खाऊ सगळ्यांत मिळून ३० ग्रॅम. ती एक लहान मूठ झाली. ओला पाला ८५-९० टक्के पाणीच असतो, त्यामुळे तो जरा जास्त चालतो, पाखरामागे ४-५ ग्रॅम. पण ज्या दिवशी पाला त्या दिवशी धान्य निम्मं.

भाकरी बंद करा. ज्वारीत दोष नाही, पण मळलेलं-भाजलेलं पीठ गळ्यातल्या पिशवीत गोळा होऊन बसतं, आणि उरलेली भाकरी बहुतेक वेळा मिठाची किंवा कालवणाला लागलेली असते.

---

मांजरा_तीर | १० फेब्रुवारी, सकाळी ७:०५

दुधनादादा, एक भर. शिंपला बारीक पीठ नको, १ ते २ मिलिमीटरचे कण हवेत. बटेर बहुतेक दुपारनंतर, संध्याकाळी अंडं घालते आणि पुढच्या अंड्याचं कवच त्या रात्रीपासून बनायला लागतं. पीठ झटकन पुढं सरकून जातं. कण पेषणीत (दाणा दळणाऱ्या पोटात) अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात. म्हणून संध्याकाळी दिवे जायच्या आधी शिंपल्याची वाटी भरलेली असावी आणि त्या वेळेला खाऊ देऊ नये. खाऊ सकाळी, खाद्य दिल्यावर दोन तासांनी.

शिंपला मिळाला नाही तर अंड्याची टरफलं चालतात. धुऊन, तव्यावर १०-१५ मिनिटं खरपूस होईपर्यंत भाजून, खलबत्त्यात जाडसर कुटायची. न भाजलेली, आतल्या पातळ पापुद्र्यासकट दिली तर पाखरांना अंड्याची चव कळते. एकदा अंडं फोडून खायची खोड लागली की ती मोडत नाही. टरफल ओळखू येईल एवढं मोठं ठेवू नका, हेही त्याच कारणासाठी.

---

हुरडा_आगटी | १० फेब्रुवारी, सकाळी ११:४०

हुरड्याचा सीझन आहे म्हणून आधी तेच लिहितो. कोवळा, दुधाळ, न भाजलेला ज्वारीचा दाणा बटेरांना फार आवडतो. ८-१० दाणे एका पाखराला पुष्कळ. आगटीवर भाजलेला असेल तर राख झटकून, आणि मीठ-चटणी लावायच्या आधी बाजूला काढलेला. दुधाळ दाणा दुपारपर्यंत आंबतो, म्हणून तासाभरात ताटली उचला.

पण मोड आलेली ज्वारी देऊ नका. हे ठळक करून सांगतोय कारण 'मोड आलेलं धान्य पौष्टिक' म्हणून सगळ्या धान्याला एकच न्याय लावतात. ज्वारीच्या मोडात आणि कोवळ्या पानात असं द्रव्य असतं की ज्यातून सायनाइड सुटतं. पावसानं ताण दिलेली कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते ना, तीच गोष्ट. पक्क्या दाण्यात ते नसल्यासारखंच, म्हणून ज्वारी भरडून खुशाल द्या. मोड काढायचेच तर मुगाचे किंवा मटकीचे काढा, तेही १ सेंटिमीटरच्या आत आणि वास न आलेले. मोडाचं फडकं चिकट लागायला लागलं की ते मोड उकिरड्यावर.

---

बालाघाट_बीड | १० फेब्रुवारी, दुपारी १:२०

पालेभाज्यांत पालक सोडून द्या म्हणतात, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. चुका, घोळ, तांदुळजा, सगळे त्याच वर्गातले. मग आपल्याकडं उरलं काय? मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, लसूणघास, कोबीची पानं. माझं मत, अंड्यावरच्या माद्यांना पालक नकोच.

---

दुधना_परभणी | १० फेब्रुवारी, दुपारी २:१५

'नकोच' मला पटत नाही. आठवड्यातून एकदा पाखरामागे एक छोटं पान, एवढ्यानं कवच मऊ होत नाही. पालकातलं ऑक्झॅलेट बरंचसं पालकातलंच कॅल्शियम धरून बसतं, शिंपला वेगळा खाल्लाय त्याला फार धक्का लागत नाही. रोजची जुडी टाकणं मात्र चूक. मऊ अंडी येत असताना महिनाभर बंद ठेवा, तिथं तुमचं बरोबर.

पाल्यात पहिला नंबर शेवग्याचा. कॅल्शियमही आहे, प्रोटीनही आहे. कोवळी डहाळी धुऊन पिंजऱ्याच्या जाळीला कपड्याच्या चिमट्यानं उलटी टांगायची, चोचीच्या उंचीवर. जमिनीवर टाकलेला पाला दहा मिनिटांत विष्ठेत कालवला जातो. टांगलेला ओढून-तोडून खावा लागतो, त्यात पाखरांचा अर्धा तास जातो आणि एकमेकींना टोचायचं सुचत नाही. लसूणघास असेल तर अर्धा इंच कापून द्या. लांब काडी गिळली तर गळ्यातल्या पिशवीत गुंता होतो.

---

राळा_भगर | ११ फेब्रुवारी, रात्री ८:५०

धान्याचं थोडक्यात. राळा आणि भगर आकारानं बटेरीला अगदी बेताची, बाजरीही. ज्वारी, मका भरडूनच. तीळ, कारळं, जवस, करडी ही तेलबिया. आठवड्यातून दोनदा पाखरामागे पाव चमचाभर, पिसं गळायच्या काळात जरा जास्त. करडीचं टरफल कडक, बटेरीची चोच कोंबडीसारखी नाही, म्हणून करडी फोडून.

बाजरी घेताना ताटात पसरून बघा. दाण्यांत लांबट, काळपट-जांभळे, दाण्यापेक्षा मोठे खडे दिसले तर तो अरगट, विषारी बुरशी. त्या बाजरीनं पाखरांची पिल्लावळ, अंडी, पाय, सगळंच बिघडतं. घरी ओळखायचं तर १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी टाका, अरगट नि पोचट दाणे वर तरंगतील. ते काढून खालची बाजरी तीन वेळा साध्या पाण्यानं धुऊन कडक उन्हात वाळवायची. मीठ राहिलं तर तेही पाखराला बाधतं.

आणि हो, पूर्ण दाणा किंवा पाला देत असाल तर बारीक वाळू हवीच. बटेरीला दात नाहीत, पेषणीतल्या खड्यांनी दळण चालतं. १-२ मिलिमीटरची नदीची वाळू चाळून, धुऊन, वेगळ्या वाटीत. शिंपला म्हणजे ती वाळू नव्हे. शिंपला विरघळतो, वाळू टिकते.

---

तुती_जालना | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

किड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. बटेर मुळात दाण्याबरोबर किडेही खाणारं पाखरू, प्रोटीनचा खाऊ तोच.

मिलवर्म : जिवंत अळीत प्रोटीन २० टक्क्यांच्या आसपास नि चरबी १३, वाळवलेल्यात प्रोटीन ५० च्या घरात. पाखरामागे ३-४ अळ्या, आठवड्यातून तीनदा. कॅल्शियम जवळजवळ नाहीच आणि फॉस्फरस भरपूर, म्हणून त्यावर टरफलाची पूड भुरभुरून द्यावी. घरी वाढवायचे तर टोपल्यात ५-७ सेंटिमीटर गव्हाचा कोंडा, वरून गाजराच्या चकत्या, त्या दर दोन दिवसांनी बदलायच्या. पाणी शिंपडलं की कोंड्याला बुरशी येते. खरी अडचण एप्रिल-मेची. ३५ अंशांच्या वर मिलवर्म मरतात, आपल्याकडं पत्र्याखाली दुपारी ४५ होतात. माठाच्या बाजूला, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला टोपलं ठेवलं तरच तगतात.

काळ्या सैनिक माशीच्या अळ्या त्यापेक्षा सरस, कारण त्यांच्यात कॅल्शियम भरपूर असतं.

रेशमाचं पण सांगतो, आपल्या जालना-बीडकडं तुती खूप झालीय. कोषातून धागा काढून झाल्यावर उरलेला किडा उकळलेलाच असतो. तो उन्हात कडक वाळवून, दळून पाखरामागे अर्धा ग्रॅमपेक्षा जास्त नाही. त्यात तेल भरपूर, जास्त झालं की अंड्याला माशासारखा वास येतो, आणि ओलसर राहिला तर दोन दिवसांत खवट. संगोपनगृहातून काढून टाकलेल्या आजारी अळ्या मात्र घेऊ नका. बेडवर चुना आणि निर्जंतुकीकरणाची पावडर धुरळलेली असते. तुतीचा पाला द्यायला हरकत नाही, फवारणी झालेली नसावी एवढंच.

नाकतोडे, वाळवी : वाळवीचं वारूळ फोडून द्यायला सोपं, पण वारुळात कुणी औषध ओतलं नाही ना ते विचारा. कापूस-सोयाबीनच्या शेतातले नाकतोडे पकडून टाकू नका. फवारणीनंतर सुस्त झालेला किडाच आधी हाती लागतो, आणि तोच सगळ्यांत जास्त औषध प्यालेला असतो.

---

पैठणकर_ताई | १२ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

तुतीभाऊ, उकडलेलं अंडं द्यावं का? बटेरीनं बटेरीचंच अंडं खाणं बरोबर वाटत नाही.

---

तुती_जालना | १२ फेब्रुवारी, सायंकाळी ६:२५

ताई, उकडलेलं नि बारीक कुस्करलेलं असेल तर चांगलं. चार पाखरांना एक बटेरीचं अंडं, आठवड्यातून एकदा-दोनदा. ओळखू न येणारं होतं म्हणून खोड लागत नाही. कच्चं किंवा फुटकं अंडं पिंजऱ्यात ठेवलं की लागते.

---

सरकी_नको | १३ फेब्रुवारी, रात्री ९:००

घरात-गोठ्यात हाताशी असलेल्या आणि बटेरांना बाधणाऱ्या वस्तू लिहून ठेवतो, कारण चूक इथंच होते.

सरकी पेंड. गायीला चालते म्हणून मूठभर टाकतात. सरकीतल्या गॉसिपॉल या द्रव्यामुळं अंड्याचा बलक काही दिवस ठेवल्यावर हिरवट-तपकिरी होतो, आणि प्रमाण वाढलं तर पाखरू खंगतं.

पेरणीचं उरलेलं बियाणं. जून-जुलैत गुलाबी, हिरव्या, निळ्या रंगाचं बी घरात पडून असतं. तो रंग सांगतो की बीजप्रक्रिया झालीय. त्यातलं थायरम हे औषध कोंबडीवर्गात मऊ कवच आणि पायाची हाडं वाकडी करतं. धुऊन जात नाही. गोदाकाठ, तुमच्याकडं मऊ अंडी येतायत तर बाजरी कुठल्या पोत्यातली ते आधी बघा.

कच्चं सोयाबीन. त्यात प्रोटीन पचू न देणारं द्रव्य असतं. भाजून-शिजवूनच, पण घरी दाणा आतपर्यंत शिजलाय का ते कळत नाही, म्हणून सोयाबीन पेंडच घ्या. कच्चा राजमाही नको.

सीताफळ. बालाघाटात पोत्यानं मिळतं, गर चमचाभर चालतो. बी मात्र विषारी, उवा मारायला वापरतात त्यावरूनच समजा. एकूण एक बी काढून मग द्या.

ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा, फरसाण, लोणचं, पापड, कांदा, बटाट्याचा हिरवा भाग, टोमॅटोचा पाला : काहीच नको. १५० ते २०० ग्रॅमच्या पाखराला थोडं मीठसुद्धा जास्त होतं.

एरंडाचं बी आणि धोत्र्याचं बी शेतातल्या धान्यात मिसळून येतं. धोत्र्याचं बी चपटं, मूत्रपिंडाच्या आकाराचं. निवडा.

---

मांजरा_तीर | १३ फेब्रुवारी, रात्री ९:४५

बुरशीची भर टाकतो. पावसात भिजलेला मका आणि शेंगदाणा उन्हात वाळवला तरी आत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष राहतं, ते भाजून किंवा उकळून जात नाही. बटेर कोंबडीपेक्षा याला नाजूक. 'खराब झालेले दाणे पाखरांना' ही सवय मोडा. काळपट, सुरकुतलेला, कडू लागणारा शेंगदाणा माणसाला नको तर पाखरालाही नको. खाद्याचं पोतं जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळीवर, भिंतीला न टेकवता, आणि पावसाळ्यात २० दिवसांत संपेल एवढंच आणायचं.

---

गोदाकाठ | २२ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

भाकरी बंद, पालक बंद. शिंपल्याचा खप मोजला तर १२ माद्यांत दिवसाला ४ ग्रॅम निघाला होता, आता १३ वर आलाय. बाजरी रंगीत नव्हती. मऊ अंडं पाच दिवसांत एकही नाही. पुढचा प्रश्न, उन्हाळ्याचा. कलिंगड, काकडी किती द्यावी?

---

हुरडा_आगटी | २२ फेब्रुवारी, दुपारी १२:५०

काकडी, कलिंगड, दुधी, तिन्ही चालतात. पाखरामागे ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एका बोटाचं पेर. कलिंगडाची फोड सालीसकट जाळीला लटकवा, गर कोरून खातात. साल कोरडी झाली की काढा. फ्रीजमधून काढून लगेच नको, माठाच्या पाण्यात ठेवलेलं थंड पुरे. कलिंगडानं विष्ठा पातळ होणारच, तो आजार नाही. पण काकडी-कलिंगडावरच पोट भरलं तर खाद्य राहून जातं, नि उन्हात आधीच पाखरू कमी खातं.

म्हणूनच मार्च ते जूनमध्ये वेळ बदला. मुख्य खाद्य पहाटे ५ ते ७ आणि सूर्य कलल्यावर. दुपारी ११ ते ४ फक्त पाणी आणि ती फोड. धान्य, अळ्या, तेलबिया दुपारी नकोत, पचनातून अंगात उष्णता वाढते. पाखरू चोच उघडी ठेवून धापा टाकतंय, पंख अंगापासून दूर धरलेत, अशा वेळी खाऊ नाही, पाणी. लिटरभर पाण्यात माणसाच्या ओआरएसची एक लिटरची पुडी, फक्त सकाळी ४ तास, मग साधं पाणी. सलग तीन दिवसांच्या वर नको. आणि धापा टाकताना कवच पातळ होतंच, तेवढ्यावरून खाऊ बदलत बसू नका.

केसर आंब्याचा गर, पपई, डाळिंबाचे दाणे : चिमूटभर. साखरच आहे ती.

---

पैठणकर_ताई | २३ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

पिल्लांना किती दिवसांनी खाऊ द्यावा?

---

दुधना_परभणी | २३ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

ताई, पहिले तीन आठवडे काहीही नाही. जन्मतः पिल्लू ७-८ ग्रॅमचं असतं, आणि २४ टक्क्यांच्या वर प्रोटीनचं खाद्य त्याला क्षणोक्षणी हवं. तेवढ्याशा पोटात कोथिंबिरीची दोन पानं गेली तरी ती जागा अडवतात. तीन आठवड्यांनंतर आधी बारीक वाळू दोन दिवस, मग कोथिंबीर बारीक चिरून चिमूटभर. अळी द्यायची तर डोकं चिरडून, तुकडे करून. सहाव्या-सातव्या आठवड्यात अंडी सुरू होतात, तेव्हा शिंपल्याची वाटी पाचव्यापासून ठेवा; त्याआधी पिल्लाला कॅल्शियमचा मारा झाला तर मूत्रपिंडावर येतं.

---

गोदाकाठ | २३ फेब्रुवारी, रात्री ९:२०

आणखी एक. तीनपैकी दोन नरांच्या मागे पांढरा, साबणासारखा फेस दिसतोय. मेथी सुरू केल्यापासून. मेथीनं पोट बिघडलं का?

---

मांजरा_तीर | २३ फेब्रुवारी, रात्री ९:५५

नाही भाऊ, ती वयात आलेल्या नराची खूण आहे. नराच्या मागच्या फुगीर ग्रंथीतून तो फेस येतो, हलकं दाबलं की शेव्हिंग क्रीमसारखा. मेथी चालू ठेवा. एक करा, खाऊची ताटली रात्री पिंजऱ्यात ठेवू नका. सांडलेल्या बाजरीला उंदीर येतात, आणि अंधारात उंदीर फिरला की बटेर सरळ वर उसळते, डोकं जाळीवर आपटतं. छत एक तर वीतभरापेक्षा ठेंगणं ठेवा, नाहीतर आतून गोणपाट ताणा.